अक्काने आखलेली ओळ

१९९७ साल. फेब्रुवारी महिना. रथसप्तमी होऊन चार दिवस झाले होते. गाव देवास.

हे आधीच लिहिते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, म्हातारीच्या डोक्यात गोंधळ झालाय. गोंधळ नाही. त्या दिवशी मी पिस्ता रंगाचं पातळ नेसले होते आणि त्याच्या काठाला शाईचा डाग होता, हेसुद्धा मला आठवतं.

या पानावर बरेच जण रात्रीचे अनुभव सांगतात. माझ्या हकिकतीत रात्र नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं. बहुतेक वेळा दुपारी, कारखान्याचा तीनचा भोंगा व्हायच्या जरा आधी.

आणि त्यातली एक चूक माझी आहे. ती लपवली, तर बाकीचंही खोटं वाटेल.

आम्ही दोघी बहिणी धारच्या. थोरली अक्का, धाकटी मी, सावित्री. आमचे वडील, बापू, धार संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली विद्या आम्हाला दिली. विद्या म्हणजे मोडी लिपी. बोरूने लिहायची, हात न उचलता, झरझर.

मोडीत आधी ओळ आखतात. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एका दमात. मग त्या ओळीला अक्षरं टांगायची. शाळेत मुलं अक्षरं लिहून मग वर रेघ देतात, त्याच्या अगदी उलट.

बापू म्हणायचे, "ओळ आखलीस ना, आता लिहून पुरं कर. रिकामी ओळ सोडून उठायचं नाही."

अक्काची ओळ फूटपट्टीने आखावी तशी सरळ. माझी उजवीकडे चढायची. बापू हसायचे. "सावूची ओळ बघा, निघाली मांडवगडला."

म्हातारपणी आम्ही दोघी विधवा, धारला दोन खोल्यांत एकत्र राहत होतो. मला मूलबाळ नाही. अक्काचा एकुलता एक मुलगा भास्कर देवासला कारखान्यात होता. त्याची बायको अक्षदा आणि मुलगी चिऊ. चिऊ तेव्हा अकरा वर्षांची.

त्या जानेवारीत अक्काच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. साखरेचा आजार जुनाच. डॉक्टर म्हणाले, हे वर चढलं तर पाय काढावा लागेल, नाहीतर जीव जाईल.

अक्का घरी आली. पाय धुतला. आणि बोरू मागितला.

"माझा पाय कापायचा नाही," ती म्हणाली. "यांचा कापला होता इंदूरला. आठवतं ना?"

आठवत होतं. भास्करचे वडील त्यानंतर सहा महिने जगले. नसलेल्या पायाला त्यांना खाज सुटायची. अक्का खाटेशी बसून रिकाम्या जागी, हवेत, नखं फिरवायची. तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागायचा.

"मी तशी जगणार नाही. मेले तर मेले. देह माझा आहे, मी ठरवणार."

ती मोडीत लिहू लागली. मी कणीक मळत होते.

"अगं, बाळबोधीत लिही," मी म्हटलं. देवनागरीला आमच्याकडे बाळबोध म्हणतात. "भास्करला वाचता यायला हवं."

"बाळबोधीत लिहिलं तर तो आजच वाचेल आणि आजपासून रडत बसेल. वेळ आली की तू वाचून दाखव. आणि बाळबोधीत लिहायला ही काय किराण्याची यादी आहे?"

शेवटी तिने 'साक्ष, सावित्री' असं लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"घाल सही."

"हात कणकेचे आहेत. नंतर घालते."

ती सही राहिली ती राहिलीच.

फेब्रुवारीत अक्काला ताप भरला. भास्कर जीप घेऊन आला आणि आम्हाला देवासला घेऊन गेला. दवाखाना खासगी होता. खिडकीतून टेकडी दिसायची.

पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. अक्का ग्लानीत.

सर्जन वयस्कर होते, इकडचेच, माळव्यातले. म्हणाले, "घुटने के ऊपर से निकालना पड़ेगा. चार बजे तक. उसके बाद मेरे हाथ में कुछ नहीं."

भास्कर माझ्याकडे वळला. "मावशी, पाय इतके दिवस असा होता आणि तुम्ही एक फोन नाही केला?"

"तीच नको म्हणाली रे."

"ती नको म्हणाली आणि तुम्ही ऐकलं? तुमचं दोघींचं काही ठरलंय का?"

मी अंगाखांद्यावर खेळवलेला मुलगा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

तेवढ्यात अक्षदाने अक्काच्या कमरेचा बटवा सोडला. सुपारी, दोन लवंगा... आणि घडी घातलेला कागद.

"हे काय? उर्दू आहे का?"

"मोडी आहे," भास्कर म्हणाला. "डॉक्टर साहब, ये सिर्फ मौसी पढ़ सकती हैं."

सर्जननी कागद माझ्या हातात दिला. तेव्हा ते जे म्हणाले, ते मी आजही रोज ऐकते.

"माँजी, बेटा तो दस्तखत कर देगा. पर मरीज ने होश में मना लिखा हो, तो मैं चाकू नहीं लगाऊँगा. शरीर उनका है. पढ़ के बताइए, क्या लिखा है."

मी घडी उघडली. कोपऱ्यात तेलाचा डाग पडला होता.

'शुद्धीवर असता लिहून ठेविते ऐसी जे, माझा पाय कापू नये. त्यावाचून मृत्यू आला तरी तो मजला मान्य. भास्करावर रोष नाही.'

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. भास्करच्या डोळ्यांत तो संशय तसाच होता. आणि मला दिसत होती धारची खोली, आणि तिथे एकटीचं ताट वाढून घेणारी मी.

"स्तोत्र आहे," मी म्हटलं. "देवीचं. ताईत म्हणून जवळ ठेवते ती."

एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी ओळीवर बोट फिरवत चार कडवी म्हणूनही दाखवली. सर्जननी हात जोडले. भास्करने सही केली.

मी कागद मिटला आणि वर पाहिलं...

अक्काचे डोळे उघडे होते.

संध्याकाळी पाय कापडात गुंडाळून भास्करच्या हाती दिला. स्मशानात न्यायचा होता. गाठ मी मारून दिली. गाठीच्या आत तो कागदही सरकवला.

भास्कर परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "पूर्ण जळेपर्यंत उभा होतो मावशी," तो म्हणाला.

म्हणजे कागद जळला. हे लक्षात ठेवा.

अक्का एकेचाळीस दिवस जगली, देवासलाच, भास्करच्या घरी. भास्करशी दोन शब्द बोलायची. चिऊला जवळ घ्यायची. सूनबाईला पाणी मागायची. माझ्याशी एक शब्द नाही.

एकदा फक्त तिने पांघरुणाच्या सपाट जागेकडे बोट दाखवलं. मी शेजारी बसले आणि नखं फिरवू लागले. हवेत.

ती माझ्याकडे बघत होती.

मरायच्या तीन दिवस आधी, दुपारी, तिने खुणेनेच बोरू मागितला. मी शाई धरली, पाठीखाली उशी दिली. झोपल्या झोपल्या तिने ओळ आखली. सरळ. कडेपासून कडेपर्यंत.

मग बोरू तसाच धरून बसली. अक्षर काढीना. तीनचा भोंगा झाला, तशी तिने बोरू खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

तो बोरू मी तिच्या चितेवर ठेवला. धारची खोली सोडली आणि भास्करच्या घरी देवासला कायमची राहायला आले. चिऊ मला मावशीआजी म्हणायची. दिवस बरे चालले होते.

मग पितृपक्ष आला.

दुपारचे पावणेतीन झाले असतील. भास्कर कामावर, चिऊ शाळेत, अक्षदा शेजारी गेलेली. मी तांदूळ निवडत होते. आणि आतल्या खोलीतून...

कुर्रर्र...

एकच. लांब. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

साठ वर्षांत मी तो आवाज हजारदा ऐकला आहे. कागदावरून बोरू ओढल्याचा आवाज.

पुढचा आवाज येईल म्हणून मी थांबले. अक्षरं लिहिताना बोरू वेगळा वाजतो, बारीक, उंदराने कुरतडल्यासारखा. तो आला नाही.

भोंगा झाला. आत गेले. कोणी नव्हतं. चिऊची हिंदीची कॉपी टेबलावर उघडी होती. कोऱ्या पानावर, वर, काळ्या शाईची एक ओळ.

संध्याकाळी अक्षदा चिऊला रागावली, कॉपी का खराब केलीस म्हणून.

"मैंने नहीं किया, मम्मी," चिऊ म्हणाली. "आणि मी असं कशाला करीन? आधी लाइन कोण खींचतं? लाइन तर बाद में देतात."

मला जेवण गेलं नाही.

आठ दिवसांनी भास्करच्या कॅलेंडरच्या मागे पुन्हा ओळ. आता ओळीखाली अक्षरं होती.

'शुद्धीवर असता लिहून ठेविते ऐसी जे...'

एवढंच. पुढे कोरं.

घरात मोडी येणारी मी एकटी. भास्कर माझ्याकडे बघायला लागला. माझ्या ट्रंकेची झडती झाली. शाईची बाटली निघाली, ती त्याने कपाटात बंद केली. माझं लक्ष मात्र अक्षदावर होतं. तो कागद पाच मिनिटं तिच्या हातात होता. रांगोळी काढणारा हात तिचा. आकार लक्षात ठेवून उतरवले असतील का? तिला कळलं असेल का, मी काय वाचलं ते?

एकदा मी तिला आडून विचारलंच.

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, मला घरचं काम पुरतं. तुमची भुतं तुमची तुम्ही लिहा."

त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून असायचो. मी उठले की ती उठायची. ती आत गेली की मी आत.

आणि म्हणूनच पुढचं खरं ठरलं.

दिवाळीनंतरची दुपार. मी परातीत कणीक मळत होते. अक्षदा दाराला टेकून माझ्याकडे बघत उभी होती. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत. आणि माझ्या पाठीमागे, ओट्यावर...

कुर्रर्र...

मग थांबलं. मग ते बारीक कुरतडणं सुरू झालं. न थांबता. ओळीमागून ओळ.

अक्षदाचा चेहरा उतरला. "मावशी," ती म्हणाली, "हा आवाज कसला?"

मला मागे वळता येईना. तीच पुढे आली. भोंगा होईपर्यंत आवाज चालू होता. मग तिने माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं.

पिठाच्या डब्याला टेकून कागद होता. घडी घातलेला. घड्या त्याच. कोपऱ्यातला तेलाचा डागही तोच.

आत अक्काचा सगळा मजकूर होता. शेवटी 'साक्ष, सावित्री'. पुढची जागा रिकामी.

"काय लिहिलंय?" अक्षदाने विचारलं.

मी तिला सांगू शकले नाही. तेव्हासुद्धा नाही.

भास्करला वाटलं आता दोघी मिळून काहीतरी करताहेत. "मावशीचं मी समजू शकतो," तो अक्षदाला म्हणाला, "पर तुम भी?" पण दुसऱ्या दिवशी त्याने रजा घेतली. धारला बापूंच्या हाताखाली काम केलेले मानाजीराव अजून हयात होते. नव्वदीला टेकलेले, पण मोडी वाचायचे.

"चला," भास्कर मला म्हणाला. "या वेळी दुसऱ्याकडून वाचून घेऊ."

या वेळी. हे शब्द त्याने मुद्दाम वापरले.

इंदूरला बस बदलली. अख्ख्या वाटेत मी त्याला सांगू शकले असते. सांगितलं नाही. मला वाटत होतं मानाजीरावांना दिसत नसेल, अक्षर लागणार नाही, काहीतरी होईल.

मानाजीराव ओट्यावर उन्हात बसले होते. भिंग घेऊन त्यांनी कागद डोळ्यांशी नेला आणि सावकाश, एकेक शब्द, मोठ्याने वाचला.

'माझा पाय कापू नये.'

भास्कर उभा होता तो पायरीवर बसला.

"अक्षर अक्काचं," मानाजीराव म्हणाले.

"मावशीने लिहिलंय ते," भास्कर म्हणाला. "आई जाऊन सात महिने झाले."

मानाजीराव हसले. "सावित्रे, तुझी ओळ कधी सरळ आली आहे का गं? ही बघ. बापूंनासुद्धा अशी साधत नव्हती." मग ते थांबले. बोट उन्हात धरलं. बोटाचं टोक काळं झालं होतं...

"कागद कधीचा म्हणालात? शाई ओली आहे."

कागद कालचा होता. सहा तास भास्करच्या खिशात होता.

"मावशी," भास्करने विचारलं, "तेव्हा दवाखान्यात तुम्ही काय वाचलंत?"

तेव्हा मी सांगितलं. सगळं. गाठीत सरकवलेल्या कागदासकट.

तो ओरडला नाही. पायरीकडे बघत म्हणाला, "आईने मला विचारलं होतं. जायच्या तीन दिवस आधी, सकाळी. भास्कर, माझा कागद वाचलात का? मी म्हटलं, हो, मावशीने वाचून दाखवला. तिने विचारलं, सगळ्यांदेखत? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग? मी म्हटलं, मग काय आई, मग पाय काढला."

त्याच दुपारी अक्काने ओळ आखली होती.

म्हणजे ती काय समजून गेली? सावूने खरं वाचलं आणि मुलाने ऐकूनही पाय कापला, असं? की तिने ते स्तोत्र ऐकलं होतं? त्या ओळीखाली ती काय लिहिणार होती, भास्करला की मला?

मला माहीत नाही. अजून माहीत नाही.

मानाजीरावांनी आपला बोरू माझ्या हातात दिला. मी साक्ष घातली. माझी ओळ चढलीच. भास्करने कागदावर बोट टेकवलं. शाई सुकली होती. अक्काचीसुद्धा.

त्यानंतर देवासच्या घरात आवाज आला नाही. बारा वर्षं आला नाही.

मानाजीराव पुढच्या दोन वर्षांत गेले. त्यांच्यामागे धारला माझ्या ओळखीचं मोडी वाचणारं कोणी राहिलं नाही.

सर्जनना मी स्वतः जाऊन भेटले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "माँजी, ये मुझसे नहीं, उनसे कहना था," एवढंच म्हणाले. नंतर दवाखाना सोडून ते कुक्षीला मुलाकडे गेले.

भास्कर माझ्याशी दोन वर्षं नीट बोलला नाही. पण मला घरातून जा म्हणाला नाही. २००६ साली त्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन सांगितलं. त्याने नको म्हटलं. बाळबोधीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "मावशी, आधी सही. कणीक नंतर." आम्ही हसलो. अक्षदा रडली, पण कोणी मोडता घातला नाही. तो घरी, आपल्या खाटेवर गेला. अक्षदा सांगते, शांत गेला.

ती आणि मी आता एकमेकींवर नजर ठेवत नाही. एकमेकींकडे बघत मात्र बसतो, दुपारी. चिऊला नोकरी इंदूरला आहे, रविवारी येते. मोडी शिक म्हटलं तर म्हणते, "मावशीआजी, मराठीच धड वाचता येत नाही मला."

राहिले मी. यंदा मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलली नाही तर वर्षभर म्हणतात. मी नको म्हटलं. कागद केला. बाळबोधीत, मोठ्या अक्षरात. चिऊने त्याची हिंदी नक्कल केली. खाली साक्षीची जागा सोडली. चिऊ येत्या रविवारी सही घालणार आहे.

परवा दुपारी अक्षदा पापड वाळत घालायला गच्चीवर होती. कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली, भोंगा वाजत नाही. तरी मला तीन व्हायला आले की कळतं. मी पडले होते. आणि टेबलाकडून...

कुर्रर्र...

एकच. लांब.

साक्षीच्या रिकाम्या जागेवर ओळ होती. सरळ.

मी तो कागद फाडला. नवा केला. काल दुपारी त्याच्यावरही ओळ आली. अक्षदाने पाहिली आणि देवापुढे दिवा लावला. चिऊला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मावशीआजी, खरं सांगा, तुम्हीच खींचली ना?" मी म्हटलं, माझी ओळ चढते गं.

अक्का साक्ष घालायला आली असेल, तर बरंच आहे. पण मला तसं वाटत नाही. तिच्या कागदावर बोट फिरवून मी भलतंच वाचलं होतं. आता माझ्या कागदावर ती काय लिहील? आणि जे लिहील ते मोडीत असेल. ज्या दिवशी तो कागद डॉक्टरांपुढे उघडेल, त्या दिवशी तो वाचू शकणारी एकटी मी, ग्लानीत असेन.

हे लिहिताना दुपारचे पावणेतीन झाले आहेत. कागद समोर आहे.

ओळ आहे. अक्षरं अजून आलेली नाहीत.